टॅबला हेडफोन लावला, पण आवाजच येत नाही? दुकानात जाण्याआधी या गोष्टी तपासा

संध्याकाळचा ऑनलाइन तास सुरू झालाय. घरात टीव्ही चालू आहे, म्हणून हेडफोन लावला, तर कानात काहीच ऐकू येत नाही. किंवा हेडफोन कानात असतानाही आवाज टॅबच्या स्पीकरमधूनच येतोय.

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईटसारख्या गावात ही अडचण छोटी राहत नाही. आज अनेक विद्यार्थ्यांचा क्लास टॅबवरच भरतो. राज्य सरकारच्या 'महाज्योती' संस्थेकडून ओबीसी, व्हीजेएनटी आणि एसबीसी प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या तयारीसाठी मोफत टॅब आणि रोज ६ जीबी डेटा देण्याची योजना आहे. टॅब दुरुस्तीसाठी भूम किंवा बार्शीला न्यायचा म्हणजे गाडीभाडं आलं आणि त्या दिवसाचा तासही बुडाला. बऱ्याचदा दोष मात्र घरीच सापडतो.

आधी दोष कोणात आहे ते ओळखा

त्यासाठी दोन मिनिटं पुरतात. तुमचा हेडफोन दुसऱ्या मोबाइलला लावा आणि दुसऱ्याचा हेडफोन तुमच्या टॅबला.

- तुमचा हेडफोन दुसरीकडेही वाजला नाही, तर दोष हेडफोनचा.
- दुसऱ्याचा हेडफोनही तुमच्या टॅबवर वाजला नाही, तर दोष टॅबचा.
- यूट्यूबवर आवाज येतो, पण क्लासच्या ॲपमध्ये येत नाही, तर दोष ॲपचा. ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, अपडेट करा आणि ॲपमधलं म्यूटचं बटण बघा.
- दोन्ही हेडफोन इतर ठिकाणी वाजतात, पण ही जोडी जमत नाही, तर प्रश्न जोडणीचा आहे. पुढचे उपाय त्यासाठीच.

वायरचा हेडफोन असेल तर

पिन पूर्ण आत गेली आहे का, ते आधी बघा. टॅबला जाड कव्हर असेल, तर पिन थोडी बाहेर राहते. अशा वेळी गाण्यातलं संगीत ऐकू येतं, पण गायकाचा आवाज दबतो. तास ऐकताना तर जवळपास शांतताच होते. कारण शिक्षकांचा आवाज दोन्ही कानांत सारखाच असतो आणि पिनचा एक संपर्क सुटला की तोच आवाज कापला जातो. कव्हर काढून पुन्हा लावून बघा.

त्यानंतर छिद्रात टॉर्च मारून बघा. दप्तरातला कापूस, धूळ आणि पिठाचे कण तिथे साचतात. टॅब बंद करून लाकडी टूथपिकने कचरा हलकेच बाहेर काढा. सुई किंवा टाचणी घालू नका, आतल्या पट्ट्या वाकतात. तोंडाने फुंकरही मारू नका, ओलावा आत जातो.

हेडफोन काढल्यावरही स्क्रीनवर हेडफोनचं चिन्ह दिसत असेल, तर छिद्रात काहीतरी अडकलंय किंवा ओल आहे. सफाई करून टॅब रीस्टार्ट करा.

ऐकू येतं, पण माइक चालत नाही? ३.५ मिमी पिनवरच्या काळ्या रेघा मोजा. तीन असतील तर सहसा माइक असतो. दोनच असतील तर त्या हेडफोनला माइक नाही, टॅबला दोष देऊ नका.

टॅबला गोल छिद्रच नसेल तर

अनेक नव्या टॅबना फक्त टाइप-सी पोर्ट असतो. कन्व्हर्टर घेताना इथेच फसगत होते, कारण कन्व्हर्टर दोन प्रकारचे असतात. एकात नुसत्या तारा असतात, दुसऱ्यात डिजिटल आवाजाचं रूपांतर करणारी डॅक चिप असते. नुसत्या तारांचा कन्व्हर्टर सगळ्या टॅबवर चालत नाही. त्यामुळे डॅक असलेला कन्व्हर्टर मागा आणि शक्यतो टॅब सोबत नेऊन दुकानातच लावून बघा. काही टॅबमध्ये सेटिंग्जमधून ओटीजी सुरू करावं लागतं.

ब्लूटूथ हेडफोन असेल तर

ब्लूटूथ हेडफोन आधी जोडलेल्या मोबाइलकडे आपोआप जातो. घरातल्या भावाच्या किंवा वडिलांच्या मोबाइलवर तो जोडला गेला असेल, तर तुमच्या टॅबला सापडणार नाही. त्यामुळे हे क्रमाने करा:

१. हेडफोन आणि टॅब दोन्ही चार्ज करा.
२. घरातल्या इतर मोबाइलचं ब्लूटूथ काही वेळ बंद ठेवा.
३. टॅबच्या ब्लूटूथ सेटिंग्जमध्ये हेडफोनच्या नावासमोर 'फर्गेट' किंवा 'अनपेअर' करा.
४. हेडफोनचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून ठेवा आणि नव्याने जोडा.
५. 'कनेक्टेड' दिसूनही आवाज नसेल, तर हेडफोनच्या नावासमोरच्या सेटिंगमध्ये 'मीडिया ऑडिओ' सुरू आहे का, ते बघा.

मीटिंगमध्ये माइक सुरू होताच आवाज डब्यातून आल्यासारखा येत असेल, तर बहुतेक वेळा तो बिघाड नसतो. ब्लूटूथ तेव्हा कॉलच्या पद्धतीवर जातं आणि आवाजाचा दर्जा उतरतो.

एकाच कानात आवाज येतोय?

सेटिंग्जमधल्या 'ॲक्सेसिबिलिटी'मध्ये डाव्या-उजव्या आवाजाची पट्टी मध्यावर आणा. हेडफोनची वायर वाकवल्यावर आवाज येत-जात असेल, तर वायर आतून तुटली आहे.

रीसेट करण्याआधी थांबा

'ब्लूटूथ, वाय-फाय रीसेट' केल्यास वाय-फायचे पासवर्ड आणि जोडलेली सगळी उपकरणं पुसली जातात. 'फॅक्टरी रीसेट'ने तर टॅबमधल्या नोट्स आणि डाउनलोड केलेले तासही जातात. टॅब शाळेकडून किंवा सरकारी योजनेतून मिळाला असेल, तर आधी संबंधित संस्थेच्या हेल्पलाइनला विचारा. वॉरंटी असेल, तर बाहेर टॅब उघडू देऊ नका.

एवढं करूनही कोणताच हेडफोन वाजत नसेल, तर टॅबचा पोर्ट दुरुस्त करावा लागेल. तोवर ब्लूटूथ हेडफोन वापरता येतो. ब्लूटूथ बिघडलं असेल, तर वायरचा हेडफोन वापरा. दुरुस्तीला वेळ लागला तरी तास बुडणार नाही.