दहा कोंबड्या, दोन शेळ्या आणि शंभर डोसांची बाटली

नाशिक जिल्हा म्हटलं की द्राक्षबागा, कांद्याच्या चाळी आणि रस्त्याकडेच्या पोल्ट्रीच्या लांबलचक शेड डोळ्यांसमोर येतात. पश्चिमेला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या पाड्यांवर गेलं की चित्र बदलतं. तिथं कोंबड्या अंगणात, उकिरड्यावर, चुलीच्या आसपास फिरत असतात. घरटी आठ-दहा कोंबड्या आणि पडवीत बांधलेल्या दोन-तीन शेळ्या. पूर्वेकडच्या सिन्नर, येवला, नांदगाव या कमी पावसाच्या भागात शेळीवरची भिस्त आणखी वाढते.

सरकारी कागदावर याला ‘परसातील कुक्कुटपालन’ आणि ‘शेळी गट’ अशी नावं आहेत. घरात मात्र हा धंदा समजला जात नाही. पोराच्या वह्या, दवाखाना, बियाण्याची पिशवी, अचानक आलेला पाहुणा अशा वेळी हाताशी असलेला हा पैसा. तो बँकेत नसतो, दावणीला असतो.

आणि हे काही मागे पडत चाललेलं चित्र नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्यांची संख्या सुमारे ३१.७ कोटी निघाली. आधीच्या २०१२ च्या गणनेपेक्षा ही वाढ जवळपास ४६ टक्के होती. सगळ्या कोंबड्यांची एकूण वाढ मात्र १७ टक्क्यांच्या आसपासच होती. महाराष्ट्रात त्याच गणनेत शेळ्या एक कोटीच्या वर गेल्या.

बिनखर्ची कोंबडीचा हिशोब

गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते. पोल्ट्रीतली अंड्यावरची कोंबडी ३०० च्या पुढे जाते. आकडे शेजारी ठेवले की गावठी कोंबडी कुचकामी वाटते, आणि बरेच सल्लागार इथेच फसतात. पोल्ट्रीतली कोंबडी रोज विकतचं खाद्य खाते. गावठी कोंबडी सांडलेला दाणा, कण्या, किडे, वाळवी आणि खरकटं खाते. तिच्यावरचा रोख खर्च जवळजवळ शून्य असतो. शिवाय गावरान अंड्याला आणि कोंबड्याला भावही वरचढ मिळतो.

दुसरी गोष्ट खुडूक होण्याची. अंडी घालून झाली की गावठी कोंबडी खुडूक होते. मग तिच्याखाली दहा-बारा अंडी मांडायची. २१ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि पुढं आईच त्यांना ऊब देते, चरायला शिकवते, घार दिसली की पंखाखाली घेते. उबवणी यंत्र, बल्ब, वीज काही लागत नाही.

म्हणून सुधारित जातींचा विचार थोडा थांबून करावा लागतो. गिरिराज, वनराज, कावेरी या जाती परसासाठीच तयार केल्या आहेत. त्या गावठीपेक्षा दुप्पट किंवा त्याहून जास्त अंडी देतात, वजनालाही लवकर भरतात. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. एक पिढी संपली की पिल्लं पुन्हा विकत आणावी लागतात. ज्या घराला उबवणी केंद्र जवळ आहे त्यांना हे परवडतं. पाड्यावरच्या जाणत्या बायका यातून वाट काढतात. सुधारित कोंबडीची अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली मांडतात.

खरा तोटा कुठं होतो?

दहा पिल्लं निघाली तर त्यातली मोठी किती होतात, यावर सगळं ठरतं. सर्वाधिक मरतूक पहिल्या आठ आठवड्यांत होते. घार, बोका, मुंगूस, पावसाची झड आणि थंडी ही कारणं डोळ्यांना दिसतात. पिल्लं पहिले काही आठवडे डालग्याखाली ठेवली, रात्री खुराड्याचं दार नीट लावलं, तर त्यातलं बरंच टळतं.

न दिसणारं कारण म्हणजे मानमोडी. तिचंच दुसरं नाव राणीखेत. १९२० च्या दशकात कुमाऊँमधल्या राणीखेत गावाजवळ हा रोग भारतात नोंदवला गेला म्हणून हे नाव. कोंबडी हिरवट-पांढरी हगवण करते, तोंड उघडून श्वास घेते, मान वाकडी होते. विषाणूचा आजार असल्यानं औषध नाही. एकदा पाड्यात शिरला की चार दिवसांत खुराडी रिकामी होतात. अशा वेळी घाबरून आजारी कोंबड्या स्वस्तात बाजारात नेल्या जातात, आणि रोग पुढच्या गावाला पोचतो.

यावर लस आहे, जुनी आणि भरवशाची आहे, स्वस्तही आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालायचा. आठव्या आठवड्याच्या सुमारास आरटूबी लसीचं इंजेक्शन द्यायचं. पुण्यात औंधला राज्य सरकारची पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था आहे. जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या लसी बनवणं हेच तिचं काम.

मग अडतं कुठं? बाटलीत.

ही लस वाळवलेल्या भुकटीच्या रूपात येते आणि एका बाटलीत १००, २०० किंवा त्याहून जास्त डोस असतात. कारण ती मुळात शेडवाल्यांच्या मापानं भरलेली असते. बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. पाणी मिसळून तयार केली की बर्फावर ठेवून दोनेक तासांत संपवायची, उरलेली फेकून द्यायची. आता दहा कोंबड्यांच्या मालकिणीनं तालुक्याच्या गावाहून बर्फाच्या डब्यात शंभर डोस आणायचे आणि नव्वद फेकायचे? एसटीचं तिकीटच लसीपेक्षा महाग पडतं. त्यामुळं ती लस देत नाही, आणि अहवालात तिच्या नावापुढं ‘जागृतीचा अभाव’ असं लिहिलं जातं. हिशोब पाहिला तर तिचं फारसं चुकत नाही.

यावरचा उपाय साधा आहे. पाड्यानं एक दिवस ठरवायचा. दहा घरांच्या मिळून शंभर कोंबड्या होतात. लसीकरण पहाटे किंवा अंधार पडल्यावर करायचं, म्हणजे कोंबड्या खुराड्यातच सापडतात. दिवसा त्यांच्यामागं धावण्यात दोन तास निघून जातात आणि लस वाया जाते. हे काम कोण करणार, तर पशुसखी. राज्याच्या ‘उमेद’ अभियानात बचतगटांतल्याच बायकांना हे प्रशिक्षण दिलं जातं: लसीकरण, जंताचं औषध, साधी जखम बांधणं. त्यासाठी त्या थोडे पैसे घेतात आणि ते घ्यायलाच हवेत, कारण फुकटची सेवा प्रकल्प संपला की संपते.

शेळीचं वेळापत्रक पावसावर

शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. नीट निगा असेल तर दोन वर्षांत तीन वेतं होतात, आणि बऱ्याचदा जुळी करडं. नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे या पट्ट्याची स्वतःची जात म्हणजे संगमनेरी. दूध आणि मांस दोन्हींसाठी ती पाळली जाते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तिच्यावर अनेक वर्षं काम चालू आहे. बाहेरून धिप्पाड जमनापारी किंवा बीटल आणण्याची हौस अनेकांना असते. उन्हाळ्यात रानात हिंडून बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला यावर गुजराण करायची असेल, तर इथल्या हवेत वाढलेली शेळी बरी.

शेळीचे दोन मोठे शत्रू आहेत. एक पीपीआर: ताप, नाकातून शेंबूड, तोंडात फोड, हगवण, मग न्यूमोनिया. हा विषाणू बुळकांडीच्या कुळातला. गुराढोरांची बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं, आणि आता २०३० पर्यंत पीपीआर संपवण्याचं आंतरराष्ट्रीय उद्दिष्ट आहे. करडू चार महिन्यांच्या आसपास झालं की लस द्यायची. तिचं संरक्षण सुमारे तीन वर्षं टिकतं.

दुसरा आंत्रविषार. याची गंमत क्रूर आहे, कारण कळपातलं सगळ्यात गुबगुबीत, खादाड करडूच यात आधी जातं. पहिल्या पावसानंतर कोवळं गवत उगवतं, शेळ्या त्यावर तुटून पडतात, आणि आतड्यातल्या जिवाणूंचं विष झपाट्यानं वाढतं. संध्याकाळी ठीक असलेलं करडू सकाळी मेलेलं सापडतं. घरात मग ‘नजर लागली’ म्हणतात. याची लस मे महिन्यात, पावसाआधी द्यावी लागते आणि पहिल्यांदाच देत असाल तर दोन आठवड्यांनी दुसरा डोसही. जूनमध्ये जाग आली तर उशीर झालेला असतो.

नाशिकची म्हणून आणखी एक काळजी घ्यावी लागते. छाटणीच्या दिवसांत द्राक्षाचा पाला ढिगानं पडलेला असतो आणि शेळ्या तो आवडीनं खातात. बागेवर फवारणी झालेली असेल तर तो पाला घालू नये. कांद्याचे भाव पडले की सडका कांदा जनावरांपुढं ओतला जातो, तेही धोक्याचं आहे. जास्त कांद्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गाईला हा त्रास अधिक, शेळी त्या मानानं सहन करते, पण फक्त कांद्यावर तिलाही जगवता येत नाही.

विकायची वेळ

बाजाराला स्वतःची दिनदर्शिका आहे. आखाडात भाव चढतो, श्रावणात उतरतो, बकरी ईदच्या आधी बोकडाला चांगली किंमत येते. कळवण, बागलाण, सुरगाण्याकडं मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो, तेव्हा कोंबडा-बोकडाची मागणी वाढते. ज्याला थांबता येतं त्याला हे भाव मिळतात. ज्याच्या घरी माणूस दवाखान्यात आहे तो श्रावणातही विकतो, आणि व्यापाऱ्याला ते बरोबर कळतं.

त्यात बोकडाचा सौदा बहुतेक वेळा नजरेनं, पाठीवर हात फिरवून होतो. साधा टांगता काटा घरी किंवा बचतगटाकडं असला आणि जिवंत वजनावर भाव बोलला, तर चर्चेचा सूर बदलतो. सिन्नरमध्ये ‘युवा मित्र’ या संस्थेच्या पुढाकारातून महिला शेळीपालकांची सावित्रीबाई फुले यांच्या नावाची उत्पादक कंपनी उभी राहिली. शेळीचं दूध गोळा करून त्यावर प्रक्रिया करण्यापर्यंत हे काम गेलं. एरवी ते दूध घरच्या चहापलीकडं जात नसे. अंड्याचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतो. बोकडाचा पैसा मोठा असल्यानं तो पुरुषाच्या खिशात जातो. काटा आणि कंपनी यांमुळं विक्रीच्या वेळी निदान ती समोर उभी असते.

योजना, बिबट्या आणि बिल्ला

पशुसंवर्धन विभागाच्या योजनांत दोन मापं आहेत. राज्याच्या योजनेत २५ तलंगा व ३ नर, किंवा १० शेळ्या व १ बोकड असे गट अनुदानावर मिळतात. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात किमान १०० शेळ्या आणि ५ बोकड लागतात. ते उद्योजकाचं काम आहे. समाजमाध्यमांवर ‘शेळीपालनाला लाखोंचं अनुदान’ म्हणून जे व्हिडिओ फिरतात ते बहुधा या दुसऱ्या योजनेचे असतात. दोन शेळ्यांच्या घराला त्याचा काही उपयोग नाही.

बर्ड फ्लूची बातमी आली की परसातली कोंबडीही वाचत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला झाला, तेव्हा शेडबरोबर गावातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या. अशा वेळी कोंबड्या लपवू नयेत. विभागाकडून भरपाई मिळते ती त्यांनी मारलेल्या कोंबड्यांची, आधीच मेलेल्यांची नाही.

निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या उसाच्या भागात बिबट्याचा प्रश्न रोजचा आहे. शेळी मारली गेली तर वनविभाग भरपाई देतो: बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा शासनानं ठरवलेली कमाल रक्कम, यांतली कमी असेल ती. त्यासाठी ४८ तासांच्या आत कळवावं लागतं आणि पंचनामा होईपर्यंत मेलेली शेळी जागेवरून हलवता येत नाही.

विम्याचं गणित कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर चालतं. त्यावरचा बारा आकडी क्रमांक हीच जनावराची ओळख. बिल्ला पडला तर तो लगेच पुन्हा मारून घ्यावा आणि नवा क्रमांक विमा कंपनीला कळवावा, कारण शेळी मेल्यावर दाव्यासोबत तोच दाखवावा लागतो. आजारी जनावरासाठी १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फोन केला तर फिरता पशुवैद्यकीय दवाखाना येतो. फोन करताना गावाबरोबर पाड्याचं नावही सांगावं, नाहीतर गाडी मूळ गावात थांबते.