कुरतडणे (कुत्र्यांचे वर्तन)

कुरतडणे किंवा विध्वंसक चर्वण म्हणजे पाळीव कुत्र्याने चपला, उशा, गाद्या, दाराच्या चौकटी, विजेच्या तारा यांसारख्या घरातील वस्तू चावून, फाडून किंवा ओरबाडून खराब करणे होय. चावणे व चघळणे ही कुत्र्याची नैसर्गिक गरज आहे. ही गरज योग्य वस्तूंऐवजी घरातील सामानावर भागवली जाऊ लागली, की ती वर्तनविषयक समस्या ठरते. घरात कोणी नसताना ही समस्या विशेष तीव्र होते. दात येणे, कंटाळा, व्यायामाचा अभाव, भीती आणि वियोगचिंता ही तिची प्रमुख कारणे आहेत. प्रत्येक कारणावरील उपाय वेगळा असल्यामुळे कारण ओळखणे ही उपचाराची पहिली पायरी मानली जाते.

## कारणे

दात येणे: पिलाला २८ दुधाचे दात असतात. साधारणतः तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांच्या वयापर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या दुखत असल्याने पिलू मिळेल ती वस्तू चावते. हे वर्तन वयानुसार कमी होते; मात्र या काळात चप्पल किंवा लाकूड चावण्याची सवय लागल्यास ती पुढेही टिकू शकते.

कंटाळा व व्यायामाचा अभाव: लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड यांसारख्या जाती शिकार, राखण किंवा मेंढ्या वळवणे अशा श्रमाच्या कामांसाठी विकसित झाल्या. अशा कुत्र्याला दिवसभर बंद खोलीत काहीही काम नसेल, तर वस्तू फाडणे हाच त्याचा विरंगुळा होतो.

वियोगचिंता: घरातील माणसे दूर गेल्यावर काही कुत्र्यांना तीव्र भीती वाटते. अशा वेळी होणारी नासधूस प्रामुख्याने दारे, खिडक्या व कुंपण, म्हणजे बाहेर पडण्याच्या जागांभोवती आढळते. सतत रडणे किंवा भुंकणे, लाळ गळणे, धापा टाकणे, अन्नाला तोंड न लावणे आणि घरात मलमूत्र विसर्जन ही सोबतची लक्षणे होत.

इतर कारणे: फटाके व ढगांचा गडगडाट यांची भीती, भूक, दातांचे व पचनाचे विकार यांमुळेही कुत्रा वस्तू चावतो. प्रौढ कुत्र्यात ही सवय अचानक सुरू झाल्यास प्रथम आजाराची शक्यता तपासली जाते.

## वऱ्हाडातील परिस्थिती

वऱ्हाडातील खेड्यांत गावठी कुत्रा अंगणात, गोठ्याजवळ किंवा शेतावर बहुधा मोकळा असतो. तेथे त्याला फिरण्यास जागा, माणसांचा वावर व राखणीचे काम मिळते. अमरावती, अकोला यांसारख्या शहरांत सदनिकेत किंवा कुलूपबंद घरात राहणाऱ्या कुत्र्याची स्थिती वेगळी असते.

येथील उन्हाळा हा आणखी एक महत्त्वाचा घटक आहे. मे महिन्यात अकोला व अमरावतीचे तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीराची उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळे त्याला उष्माघाताचा धोका असतो आणि तापलेल्या डांबरी रस्त्यावर त्याचे तळवे भाजतात. परिणामी फिरणे कमी होते आणि साठलेली शक्ती घरातील वस्तूंवर खर्च होते. नवतपाच्या दिवसांत सूर्योदयापूर्वी व रात्री जमीन थंड झाल्यावरच फिरवणे सुरक्षित असते. दिवसभर चालणाऱ्या कूलरची तार व पाण्याची नळी कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही अशी बसवावी लागते.

दिनक्रमातील बदलही कारणीभूत ठरतो. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात. दीर्घ सुटीत भरल्या घराची सवय झालेला कुत्रा त्यानंतर एकाएकी कित्येक तास एकटा पडतो. हा बदल सोपा जावा म्हणून सुटी संपण्यापूर्वीच त्याला थोडा थोडा वेळ एकटे ठेवण्याचा सराव दिला जातो.

## निदान

घर सोडल्यानंतरचे चित्रीकरण निदानासाठी उपयुक्त असते. त्यासाठी साधा मोबाइलही पुरतो. वियोगचिंता असलेला कुत्रा बहुधा माणसे गेल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातच अस्वस्थ होतो, येरझारा घालतो व दार ओरबाडतो. कंटाळलेला कुत्रा आधी झोपतो व नंतर सावकाश एखादी वस्तू शोधून चघळतो. माणसे घरात असतानाही वस्तू चावल्या जात असतील, तर वियोगचिंतेची शक्यता कमी असते.

## प्रतिबंध व उपाय

* परिसराची आवराआवर: चपला, कपडे, तारा व औषधे पोहोचेबाहेर ठेवली जातात. पिलासाठी घराचा एक सुरक्षित भाग राखून ठेवला जातो.
* पर्यायी वस्तू: कठीण रबराची खेळणी, जाड सुती दोराच्या गाठी किंवा थंड गाजर चघळण्यास दिले जाते. पोकळ रबरी खेळण्यात ज्वारीची भाकरी व बिनसाखरेचे दही कालवून गोठवल्यास कुत्रा बराच वेळ गुंतून राहतो. जुनी चप्पल खेळायला दिल्यास मात्र त्याला जुन्या व नव्या चपलेतील फरक कळत नाही.
* व्यायाम: घर सोडण्यापूर्वी फिरवून आणणे व वास घेत हिंडू देणे यांमुळे कुत्रा नंतर शांत झोपतो.
* कडू फवारा: डेनॅटोनियम बेंझोएटसारखे कडू द्रव्य वस्तूंवर फवारले जाते. तिखट लावल्याने डोळ्यांना व तोंडाला इजा होऊ शकते, म्हणून ते टाळले जाते.

वियोगचिंतेत केवळ खेळणी पुरेशी ठरत नाहीत. त्यासाठी क्रमाक्रमाने सवय लावण्याची पद्धत वापरतात. प्रथम किल्ल्या उचलणे, चपला घालणे या निघण्याच्या खुणा बाहेर न जाता वारंवार केल्या जातात, म्हणजे त्यांची धास्ती कमी होते. त्यानंतर काही सेकंद, मग काही मिनिटे असे बाहेर थांबण्याचा वेळ वाढवला जातो. कुत्रा अस्वस्थ होण्यापूर्वीच परत येणे हे या पद्धतीचे सूत्र आहे. घाई केल्यास भीती उलट वाढते. अशा कुत्र्याला पिंजऱ्यात कोंडल्यास तो गज चावून दात मोडून घेऊ शकतो.

गंभीर स्वरूपात पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषधे दिली जातात. अमेरिकेत या विकारासाठी क्लोमिप्रामीनला १९९८ मध्ये, तर फ्लुऑक्सेटीनला २००७ मध्ये मान्यता मिळाली. या औषधांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात व प्रशिक्षण सोबत चालू ठेवावे लागते.

## शिक्षेचे दुष्परिणाम

घरी परतल्यावर फाटलेली उशी दाखवून कुत्र्याला मारणे निरुपयोगी ठरते, कारण शिक्षेचा संबंध तो काही तासांपूर्वीच्या कृतीशी जोडत नाही. कान पाडून, नजर चुकवून बसलेला कुत्रा अपराधी वाटत असल्याचा समज प्रचलित आहे. अमेरिकन संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा चेहरा कुत्र्याच्या चुकीवर नव्हे, तर मालकाच्या रागावण्यावर अवलंबून असल्याचे आढळले. चूक न केलेले कुत्रेही रागावल्यावर तसेच दिसत होते. शिक्षेमुळे मालकाच्या परत येण्याचीच भीती बसते आणि वियोगचिंता अधिक बिकट होते.

## आरोग्याचे धोके

मोजे, कापूस, प्लॅस्टिक किंवा दोरा गिळल्यास आतड्यात अडथळा निर्माण होऊन शस्त्रक्रिया करावी लागू शकते. शिजवलेल्या हाडांचे तीक्ष्ण तुकडे होतात. विजेची तार चावल्यास भाजणे किंवा मृत्यू संभवतो. कापूस पिकवणाऱ्या या भागात कीटकनाशकांचे रिकामे डबे व बाटल्या घरात किंवा अंगणात राहिल्यास विषबाधेचा धोका असतो. अंगणातील कण्हेर, उंदीर मारण्याचे औषध, चॉकलेट व मनुका हेही कुत्र्यासाठी विषारी आहेत. वारंवार उलट्या, पोट फुगणे किंवा खाणे बंद होणे ही तातडीने उपचार घेण्याची लक्षणे आहेत.

## कायदा

नासधूस टाळण्यासाठी कुत्र्याला दिवसभर साखळीने बांधून ठेवण्याचा मार्ग अनेकदा अवलंबला जातो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्याला अवाजवी काळ आखूड किंवा जड साखळीने बांधणे, तसेच नेहमी बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हे क्रूरतेत मोडते. त्यामुळे व्यायाम हा या समस्येवरील उपाय असण्याबरोबरच मालकाचे कायदेशीर कर्तव्यही आहे.

## पशुवैद्यकीय सुविधा

अकोला येथील स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था ही नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची घटक संस्था आहे. याशिवाय शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने व खासगी पशुवैद्यक यांच्याकडे पाळीव कुत्र्यांची तपासणी होते. तपासणीस जाताना घरातील चित्रीकरण व नासधुशीच्या वेळांची नोंद सोबत नेल्यास निदान सुलभ होते.