सौम्य गाठींच्या निदानाचा इतिहास

गर्भाशयातील फायब्रॉइड अनैच्छिक स्नायूंचे बनलेले असतात, हे जर्मनीच्या रुडॉल्फ व्हिर्चो यांनी १८५४ मध्ये दाखविले. ही गाठ कर्करोगाची नव्हे. तरी क्वचित ती गर्भाशयाबाहेरही आढळते. १८९६ मध्ये बर्च-हिर्शफेल्ड यांनी शिरेच्या पोकळीत वाढलेली गाठ नोंदविली, तर १९३९ मध्ये स्टायनर यांनी फुप्फुसांतील गाठींचे वर्णन केले. पुढे या विकाराला ‘सौम्य, पण पसरणारी’ असे नाव रूढ झाले; ते रुग्णालाच काय, डॉक्टरांनाही गोंधळात टाकते.

१९५८ मध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी पोटातील गाठी पाहण्याची पद्धत प्रसिद्ध केली. नंतर सीटी व एमआरआय आले. शिरेतील गाठ कधी हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचते. केवळ हृदयाची सोनोग्राफी केली तर ती रक्ताची गुठळी वाटते. ओटीपोटापासून छातीपर्यंत सीटी काढल्यावरच तिचे मूळ सापडते. फुप्फुसांतील गोल सावल्या मात्र एक्स-रेत कर्करोगासारख्याच दिसतात. अशा वेळी पूर्वी फायब्रॉइडची शस्त्रक्रिया झाली होती का, हे त्या स्त्रीला विचारले पाहिजे. खात्री शेवटी सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीनेच होते.