वहीत न चढलेला मासा

शेटलंडच्या मासेमारीचा इतिहास वाचायला घेतला की पानोपानी लिंग आणि कॉड हे मासे भेटतात. सहा वल्ह्यांच्या उघड्या होड्या, तीस-चाळीस मैल आत जाऊन सोडलेल्या लांब दोऱ्या, किनाऱ्यावरच्या गोट्यांवर वाळत घातलेले मासे, ते घेऊन स्पेनला नि जर्मनीला जाणारी जहाजं. सगळं खरं आहे. पण इथल्या लर्विकला राहायला आल्यापासून मी ज्याच्या मागे लागले आहे, तो मासा त्या हिशेबांत सापडत नाही. खडपावर उभं राहून गरवलेला मासा. ही बेटं तगली ती त्याच्यावर, असं माझं ठाम मत आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेला, साठाव्या अक्षांशावरची ही बेटं. कुठेही उभे राहा, समुद्र पाच किलोमीटरच्या आतच. खडकांपाशी दोन चुलत भाऊ मिळतात, पोलॅक आणि सेथ. पोलॅकला स्कॉटलंडमध्ये लाइथ म्हणतात. त्याचा खालचा जबडा पुढे आलेला आणि डोळे मोठे, कारण तो नजरेने शिकार करतो. केल्पच्या, म्हणजे लांब पट्ट्यांच्या तपकिरी शेवाळाच्या, रानात दबा धरून बसतो आणि वरून जाणाऱ्या लहान माशावर खालून झडप घालतो. म्हणून त्याला खोटं आमिष चालतं. हालचाल तेवढी जिवंत हवी. सेथ थव्याने हिंडतो. शेटलंडच्या कडेला तोच जास्त, आणि पहिल्या वर्षाच्या पिल्लाला सिलक, पुढच्या दोन-चार वर्षांच्या माशाला पिल्टक अशी त्याची नावं आहेत. गरवायची रीत दोघांची सारखीच.

1712 च्या मीठकरानंतर इथला जर्मन व्यापाऱ्यांचा धंदा बसला आणि त्यांची जागा जमीनदारांनी घेतली. जमीन कसायची तर कुळाने जमीनदारासाठी लिंग धरायचा, तो ठरवील त्या भावाने त्यालाच घालायचा आणि पीठ, तंबाखू, दोर त्याच्याच दुकानातून उधारीवर उचलायचे. मासा बाहेर विकला तर घर खाली करण्याची धमकी. 1872 मध्ये विल्यम गथ्री यांनी सरकारी आयोगासाठी इथे येऊन लोकांच्या साक्षी घेतल्या. त्या छापून प्रसिद्ध झाल्या आहेत. वर्षानुवर्षं राबून हातात रोकड न पडलेली माणसं त्यात बोलतात. आमच्या घरात खोताच्या गोष्टी आजीच्या तोंडून ऐकलेल्या. ती खोती कायद्याने जायला 1949 उजाडलं होतं. त्यामुळे या साक्षी मला परक्या वाटत नाहीत.

धडधाकट पुरुष मे ते ऑगस्ट दूर समुद्रात. खडपावर उरत म्हातारे, पोरं आणि बायका. त्यांनी धरलेलं पिल्टक कुणाच्या वहीत चढत नसे. ते थेट चुलीवर जायचं.

माझ्या शेजारच्या आजोबांनी मला पश्चिम किनाऱ्यावरची एक जुनी बैठक दाखवली. पाण्यापासून पुरुषभर उंचीवर कातळाचा सपाट कप्पा, पाठीला आडोसा, आणि उजव्या हाताशी ओंजळभर पाणी मावेल एवढा खळगा. बोट फिरवलं तर आतून गुळगुळीत लागतो. खडकाला टोपीसारखे चिकटलेले लिंपेट काढायचे, जरा उकडायचे आणि या खळग्यात दगडाने ठेचायचे. तो लगदा पाण्यावर फेकला की तवंग पसरतो आणि मासे वर येतात. काही जण लिंपेट तोंडातच चावून समुद्रात थुंकत. मग काठी पुढे करायची. बेटांवर झाडं जवळजवळ नाहीत, म्हणून काठीचं लाकूड लाटांनी आणलेलं किंवा बाहेरून आलेलं. पूर्वी दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची, आणि गरीला बांधलेलं समुद्रपक्ष्याचं पांढरं पीस. कोरडं असताना ते फुललेलं दिसतं, ओलं झालं की आवळून बोटभर लांबीचं होतं आणि पाण्यातून ओढलं की हुबेहूब पळता मासा. या सगळ्यात विकत घ्यायची चीज म्हणजे गरी. दुकानदाराची उधारी वाढू नये म्हणून यापेक्षा शहाणं हत्यार मला तरी सुचत नाही.

माशाचं काहीच वाया जात नसे. यकृत वितळवून तेल, ते तेल कोली नावाच्या लोखंडी दिव्यात. मासे दगडी खोपटांत टांगून वाऱ्यावर सुकवत, भिंतींच्या फटींतून वारा खेळावा म्हणून ती मुद्दाम चुन्या-मातीशिवाय रचलेली असत.

20 जुलै 1881 च्या वादळात दूर समुद्रात गेलेल्या दहा होड्या बुडाल्या, 58 माणसं गेली. त्यातली बरीचशी येल बेटावरच्या ग्लूपची होती. कर्ता पुरुष गेलेल्या घरांचं पोट त्यानंतर कशावर चाललं असेल, हे विचारायला हवं. 1886 च्या कायद्याने कुळांना जमिनीवर संरक्षण मिळालं आणि जमीनदाराची पकड ढिली झाली.

त्याच सुमारास दक्षिणेत, इंग्लंडमध्ये, हौशी लोकांचा काळ सुरू झाला. 1893 मध्ये ब्रिटिश सी अँगलर्स सोसायटी निघाली, पोलॅकसाठी रबराचे ईल, म्हणजे वामेसारखी खोटी आमिषं, आले. 1905 मध्ये ब्रॅडफर्डच्या कापड धंद्यातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी अशा रिळाचं पेटंट घेतलं की ज्याची फिरकी स्थिर राहते आणि दोरी टोकावरून सुटते. हलकं आमिष लांब फेकणं त्याने सोपं केलं. पुढे नायलॉन आलं, आणि कॉर्नवॉलच्या मेव्हागिसीचा रेड गिल हा शेपूट हलवणारा ईल. पोलॅकच्या खोट्या आमिषाचा इतिहास इथून सुरू करणारी पुस्तकं मला पटत नाहीत. या हौशी लोकांच्या आधी पीस बांधणाऱ्या बाया-पोरांना त्यात जागाच नाही.

आता उन्हाळ्यात गावोगावी लहान होड्यांतून काठीने मासे धरायच्या स्पर्धा होतात, त्यांना ईला म्हणतात. खडपावर मात्र माणसं तुरळक. ब्रिटनच्या दक्षिण आणि पश्चिम समुद्रात पोलॅक इतका घटला की 2024 साठी शास्त्रज्ञांनी तिथे तो मुळीच धरू नये असा सल्ला दिला. शेटलंडचं पाणी त्या पट्ट्याबाहेर आहे, तरी मी पोलॅक सोडून देते आणि सेथच घरी आणते. यकृत वेगळं शिजवायचं, मासा उकडून काटे काढायचे, दोन्ही एकत्र कालवून वर मिरपूड. इथे त्याला स्टॅप म्हणतात. मी त्यात थोडं तिरफळ घालते, आणि शेजारच्या आजोबांना ते आवडतं.