लस आणि धारूरची वाट

नवी लस शोधून काढणें हें प्रयोगशाळेचें काम. ती लोकांच्या दंडापर्यंत नेणें हें राज्यकारभाराचें. आमच्या प्रांताचा इतिहास पाहतां या दोहोंपैकीं दुसरें कामच अधिक बिकट ठरलें आहे.

१४ जून १८०२ रोजीं मुंबईंत एका तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचली, ती हिंदुस्थानांतली पहिली. पुढें १८९६ सालीं त्याच शहरीं प्लेग उद्भवला. डॉक्टर हाफकिन यांनीं त्यावर लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच टोचून घेतली. त्याच वर्षीं पुण्यांत रँडसाहेबांच्या अमलाखालीं गोरे सोल्जर घरोघर झडत्या घेत होते. एकानें आपला दंड पुढें केला, दुसऱ्यानें रयतेच्या माजघरांत पाय घातला. २२ जूनच्या रात्रीं रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. भीतीनें माणसें रोग लपवितात, विश्वासानें तीं वैद्याकडे येतात, हा धडा पुण्यानें फार महाग विकत घेतला.

१९१८ च्या मानमोडीच्या वेळीं तर विश्वास असून उपयोग नव्हता, कारण गुणकारी लसच नव्हती. पावसानें दगा दिलेला, दख्खनची रयत अर्धपोटीं. त्यांत इन्फ्लुएंझानें देशभर एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. या रोगाचा विषाणु माणसांत सांपडला तो १९३३ सालीं.

२००९ मध्यें पुण्यास स्वाइन फ्लूनें ग्रासलें, तेव्हां मानमोडीची आठवण पुन्हा जागी झाली. २०१५ सालीं ही साथ हिवाळ्याच्या अखेरीस महाराष्ट्रांत पुन्हा भडकली आणि सरकारनें गरोदर स्त्रिया व मधुमेहासारखे जुने विकार असलेले लोक यांस मोफत लस देण्याचें ठरविलें. निर्णय स्तुत्यच होता. परंतु तो बालाघाटाच्या डोंगरांत पोंचावयाचा कसा?

धारूर तालुक्याचें उदाहरण घ्या. एके काळीं निजामाच्या मुलुखांतलें हें किल्ल्याचें गांव; आज त्याच्या आसपासचीं खेडीं ऊसतोडीवर जगतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. गरोदर बाईहि मोळी वाहते, आणि रात्रीं सारें कुटुंब उसाच्या पाचटाच्या कोपींत दाटीवाटीनें निजतें. हिवाळ्यांतला फ्लू तिला तेथें गांठतो, आणि तिच्या नांवाची लस मात्र गांवच्या दवाखान्यांत राहते.

फ्लूचा विषाणु रूप पालटतो, म्हणून लस दर वर्षीं घ्यावी लागते. टोचल्यावर गुण येण्यास सुमारें दोन आठवडे जातात. तेव्हां धारूरकडचीं लसीकरण केंद्रें दसऱ्यापूर्वींच उघडावीं, बैलगाड्या व ट्रक भरण्याच्या आधीं, आणि टोळी जेथें उतरेल तेथेंहि तिची विचारपूस व्हावी, असें आम्हांस वाटतें. हाफकिन यांनीं दंड पुढें केला तेव्हां लस माणसाच्या शोधांत निघाली होती. तिनें दवाखान्याच्या पायरीशीं वाट पाहत बसूं नये.