पेनिसिलिन अ‍ॅसायलेज

पेनिसिलिनच्या रेणूची बाजूची साखळी कापून त्याचा गाभा, म्हणजे 6-अमिनोपेनिसिलॅनिक अम्ल (6-एपीए), मोकळे करणारे एंझाइम. अ‍ॅम्पिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन यांसारखी अर्धसंश्लेषित प्रतिजैविके या गाभ्याला नवी साखळी जोडून तयार होतात. एंझाइमाचे मुख्य प्रकार दोन : पेनिसिलिन जी कापणारे आणि पेनिसिलिन व्ही कापणारे. दुसऱ्या प्रकाराची त्रिमितीय रचना पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील (एनसीएल) रचना-जीवशास्त्रज्ञ सी. जी. सुरेश व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाच्या गटासह 1999 मध्ये प्रसिद्ध केली.

या एंझाइमाची गरज पेनिसिलिनच्या घडणीतूनच निर्माण होते. रेणूत दोन अमाइड बंध असतात. एक चार अणूंच्या ताणलेल्या बीटा-लॅक्टम कड्यात, दुसरा बाजूच्या साखळीच्या मुळाशी. औषधाचा सगळा गुण कड्यात, आणि नाजूकही तेच. साधे अल्क किंवा अम्ल वापरले तर आधी कडे फुटते, साखळी जागीच राहते. त्यामुळे रासायनिक पद्धतीत रेणूचा अम्लगट प्रथम झाकून घ्यावा लागे. मग डायक्लोरोमिथेनसारख्या द्रावकात, उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपास, फॉस्फरस पेंटाक्लोराइडची क्रिया करून साखळी सोडवावी लागे. एंझाइम हेच काम साध्या पाण्यात, कोमट तापमानाला, किंचित अल्कधर्मी द्रावणात करते आणि कड्याला हातही लावत नाही. सुटलेले फेनिलअ‍ॅसिटिक अम्ल परत मिळवून किण्वनाच्या टाकीत पुन्हा वापरता येते.

पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीच्या संदर्भात हा फरक ठळकपणे सांगायला हवा. रसायने, रंगद्रव्ये आणि बल्क ड्रग म्हणजे औषधांची मूळद्रव्ये बनवणारे कारखाने येथे दाटीने आहेत. वसाहतीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सामायिक केंद्रातून नवापूरच्या किनाऱ्याकडे समुद्रात सोडले जाते. नवापूर, मुरबे, दांडी, सातपाटी या मच्छीमार गावांचा त्याविरुद्धचा लढा जुना आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने तो राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेला. सांडपाण्याचे शुद्धीकरण आवश्यकच आहे, पण प्रदूषण थांबवण्याची खरी जागा नळाच्या टोकाला नसून अभिक्रियेच्या भांड्यात असते. द्रावक लागलाच नाही तर तो समुद्रात जाण्याचा प्रश्नच येत नाही. एंझाइमाच्या रचनेचा बारकाईने केलेला अभ्यास औषध उद्योगाच्या पट्ट्यातील माणसांच्या उपयोगी पडतो तो असा.

पेनिसिलिनचे असे विघटन करणारे एंझाइम 1950 मध्ये जपानमध्ये साकागुची व मुराओ यांनी बुरशीत नोंदवले. 1957 मध्ये इंग्लंडमधील बीचम कंपनीच्या प्रयोगशाळेत 6-एपीए वेगळे केले गेले, 1959 मध्ये ते जाहीर झाले आणि त्यानंतर जीवाणूंमधील एंझाइमांचा शोध सर्वत्र सुरू झाला. महाराष्ट्राची तयारी आधीपासून होती. एनसीएल 1950 ची, पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स 1954 ची. एनसीएलमध्ये एच. शिवरामन यांनी या एंझाइमांवर दीर्घकाळ काम केले. अस्मिता प्रभुणे यांनी त्यांच्यासोबत ई. कोलायच्या एंझाइमातील क्रियेला आवश्यक आर्जिनिन ओळखले. अर्चना पुंडले यांनी बॅसिलस स्फेरिकस या जीवाणूतील पेनिसिलिन व्ही अ‍ॅसायलेज शुद्ध करून त्याची वैशिष्ट्ये तपासली. रचना उलगडण्यापूर्वीचे हे काम संथ, चिकाटीचे असते. शुद्ध प्रथिन हाती आल्याशिवाय स्फटिक वाढत नाही आणि स्फटिकाशिवाय क्ष-किरणांचा उपयोग नाही. पाठ्यपुस्तकांत बहुधा शेवटचे चित्र तेवढे छापले जाते.

पेनिसिलिन जी अ‍ॅसायलेजची रचना यॉर्कच्या गटाने 1995 मध्ये 1.9 अँगस्ट्रॉम इतक्या बारकाव्याने मांडली. एंझाइमाच्या दोन साखळ्या असतात आणि वजन सुमारे 86 किलोडाल्टन भरते. प्रथिने कापणाऱ्या अनेक एंझाइमांत तीन अमिनो अम्ले मिळून काम करतात. येथे बीटा साखळीच्या अगदी सुरुवातीचे सेरीन एकटेच पुरते : त्याचा ऑक्सिजन हल्ला करतो आणि त्याचाच अमिनो गट, मध्ये एक पाण्याचा रेणू घेऊन, आम्लारीचे काम करतो. हे सेरीन जन्मतः उघडे नसते. प्रथिन आधी एकाच लांब साखळीच्या रूपात घडते. घडी बसल्यावर मधला 54 अमिनो अम्लांचा तुकडा ते स्वतःच कापून टाकते आणि मगच सक्रिय स्थान मोकळे होते. अशा एंझाइमांच्या घराण्याला एनटीएन-हायड्रोलेज म्हणतात.

सुरेश यांची सुरुवात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन यांच्याकडे अमिनो अम्लांच्या स्फटिकांपासून झाली. लहान रेणू एकमेकांना डोके-शेपूट असे कसे भिडतात, हा तेव्हाचा विषय. रेणूंनी रेणू ओळखण्याचा तोच प्रश्न पुढे मोठ्या प्रथिनांत आला. पेनिसिलिन व्ही अ‍ॅसायलेजमध्ये सुमारे 35 किलोडाल्टनचे चार एकसारखे घटक एकत्र येतात. पहिल्या जागी सेरीनऐवजी सिस्टीन असते. अमिनो अम्लांचा क्रम पेनिसिलिन जी अ‍ॅसायलेजशी जवळजवळ जुळत नाही, तरी गाभ्याची घडी तीच : मध्ये बीटा पट्ट्यांचे दोन थर, दोन्ही बाजूंना अल्फा सर्पिले. निव्वळ क्रम वाचून हे नाते सापडले नसते.

दोन पेनिसिलिनांत फरक आहे तो बाजूच्या साखळीतील एका ऑक्सिजन अणूचा. पेनिसिलिन जीच्या साखळीत फेनिलअ‍ॅसिटिल गट असतो, व्हीच्या साखळीत फेनॉक्सिअ‍ॅसिटिल. तेवढ्यावरून एंझाइम आपला रेणू निवडते. जी प्रकारात बेंझीन कडे जलद्वेषी अमिनो अम्लांच्या खोबणीत बसते. काही रेणू बांधले गेले की खोबणीच्या तोंडाशी असलेले आर्जिनिन व फेनिलअ‍ॅलनिन बाजूला सरकतात, असे 1998 मध्ये दिसून आले. म्हणजे ओळख एकतर्फी नाही, एंझाइमही स्वतःला थोडे बदलते.

पुढचा टप्पा पेनिसिलिनच्या बाहेर गेला. 1999 च्याच रचनेने आतड्यातील जीवाणूंच्या पित्तक्षार-विघटक एंझाइमाशी असलेले नाते सुचवले होते. 2006 मध्ये याच गटाने बायफिडोबॅक्टेरियम लाँगममधील त्या एंझाइमाची रचना मांडून दोघांचे उत्क्रांतीतील मूळ एक असल्याचे दाखवले. 2016 मध्ये पेक्टोबॅक्टेरियम अ‍ॅट्रोसेप्टिकम या वनस्पतिरोगकारक जीवाणूच्या पेनिसिलिन व्ही अ‍ॅसायलेजमध्ये दोन ट्रिप्टोफॅन क्रियेला आणि निवडीला निर्णायक ठरतात हे स्पष्ट झाले. औषध कंपन्यांच्या सोयीसाठी निसर्गाने हे एंझाइम घडवलेले नाही, तेव्हा जीवाणूला त्याचा उपयोग काय, हा या संशोधनातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न. 2017 च्या कामात त्याचे एक उत्तर मिळते : ग्राम-ऋण जीवाणूंतील ही एंझाइमे अ‍ॅसिल-होमोसेरीन लॅक्टोन हे जीवाणूंचे परस्परांना इशारा देणारे रेणू कापतात आणि स्यूडोमोनास एरुजिनोसाची रोगकारकता त्यामुळे कमी होते.