आखणी करणाऱ्याचं नाव

मुंबईहून पेणकडे येताना महामार्गावर हमरापूरचा फाटा लागतो. आत वळलं की हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही गणपतीच्या कारखान्यांची गावं. पेण शहरात रुजलेली मूर्तिकला या गावांत पसरली आणि आज इथल्या मूर्ती मुंबई-पुण्यापासून परदेशापर्यंत जातात. शहरातल्या स्टॉलवर फलक मात्र ‘पेणचे गणपती’ एवढाच. मूर्ती जोह्यातल्या कुठल्या कारखान्यात झाली, हे गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा कळतही नाही.

इथे दोन प्रकारचे धंदे चालतात. कुणी मूर्ती बनवून विकतो. कुणी दुसऱ्याच्या मूर्ती रंगवून देतो, डोळ्यांची आखणी करून देतो आणि त्याची मजुरी घेतो. पहिला वस्तू विकतो, दुसरा हातातलं कसब. कायद्याच्या भाषेत या दुसऱ्या कामाला सेवा म्हणतात. आपल्या कायद्याने वस्तू विकणाऱ्याचं नाव लवकर ओळखलं. सेवा देणाऱ्याला मात्र साठ वर्षांहून जास्त थांबावं लागलं.

व्यापारचिन्हांची देशभर नोंदणी करणारा पहिला कायदा १९४० चा. स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये नवा कायदा आला. दोन्हींत नोंद व्हायची ती वस्तूंच्या नावांची. साबण, तेल, विडी, काडेपेटी यांचं नाव आणि चित्र नोंदवता येई. खानावळ, सलून, लाँड्री, शिकवणी यांच्या नावाला नोंदवहीत जागाच नव्हती.

म्हणजे त्यांनी काय करायचं? कोर्टात जायचं आणि सिद्ध करायचं की हे नाव आमच्या कामामुळे लोकांना माहीत झालंय, समोरचा त्याच नावाखाली आपला माल खपवतोय आणि त्यात आमचं नुकसान आहे. वकील याला ‘पासिंग ऑफ’ म्हणतात. नोंदणी लागत नाही, पण दरवेळी आपली पत पुराव्यानिशी मांडावी लागते.

१९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात असाच एक खटला गाजला. ‘रेडिफ’ या मुंबईच्या इंटरनेट कंपनीसमोर कुणीतरी ‘रॅडिफ’ नावाचा पत्ता घेऊन उभं राहिलं होतं. फरक एका अक्षराचा. न्यायालयाने रेडिफच्या बाजूने मनाई हुकूम दिला. इंटरनेटवरचा पत्ता हा नुसता पत्ता नसून धंद्याचं नाव आहे, हे त्यातून ठसलं. आज इन्स्टाग्रामवर दुकानाचं हँडल उघडणाऱ्याने हा खटला लक्षात ठेवावा.

त्याच वर्षी संसदेने नवा व्यापारचिन्ह कायदा केला. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली होती आणि तिच्या करारात सेवांच्या चिन्हांनाही संरक्षण देणं बंधनकारक होतं. हा कायदा १५ सप्टेंबर २००३ ला लागू झाला. आज नोंदणीचे ४५ वर्ग आहेत. पहिले ३४ वस्तूंचे, उरलेले ११ सेवांचे. त्याच दिवशी भौगोलिक मानांकनाचा कायदाही लागू झाला. त्यात गावाचं किंवा प्रदेशाचं नाव तिथल्या सगळ्या उत्पादकांचं मानलं जातं. शेजारच्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला असंच मानांकन आहे. जागेचं नाव एकट्याच्या मालकीचं होत नाही. एकट्याला स्वतःचं वेगळं नाव लागतं.

पण नोंदणी केली की प्रश्न मिटला, असंही नाही. पुण्याच्या कॅम्पातलं ‘बर्गर किंग’ बघा. हे छोटं हॉटेल १९९२ च्या सुमारास सुरू झालं. अमेरिकन कंपनीची भारतातली नोंदणी १९७९ ची, पण तिचं इथलं पहिलं दुकान उघडलं २०१४ मध्ये. मग नाव कुणाचं? कंपनीने २०११ मध्ये दावा लावला. २०२४ च्या जुलैमध्ये पुण्याच्या न्यायालयाने तो फेटाळला. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या हॉटेलला ते नाव वापरायला मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. एका पाटीसाठी तीन पायऱ्यांची कोर्टं आणि तेरा-चौदा वर्षं.

गंमत म्हणजे याच कंपनीची अमेरिकेतही एका छोट्या हॉटेलशी गाठ पडली होती. इलिनॉय राज्यातल्या मटून गावात एका कुटुंबाचं त्याच नावाचं हॉटेल होतं. १९६८ च्या निकालाने त्या गावाच्या परिसरात नाव कुटुंबाकडेच राहिलं. आधीपासून प्रामाणिकपणे केलेला वापर त्यांच्या कामी आला.

जोह्यातल्या कारागिराने यातून काय घ्यावं? पहिली गोष्ट नावाची. गणपतीच्या कारखान्याला देवाचं नाव द्यावंसं वाटणं साहजिक आहे, पण असं नाव एकट्याचं म्हणून राखणं अवघड जातं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अगरबत्तीसाठी ‘रामायण’ या नावाची नोंदणी नाकारली. धर्मग्रंथाच्या नावावर एकाच व्यापाऱ्याची मक्तेदारी मान्य झाली नाही. म्हणून देवाच्या नावाला आपलं असं काहीतरी वेगळं जोडावं.

दुसरी गोष्ट लोगोची. ओळखीच्या मुलाने काढून दिलेल्या चित्राचा कॉपीराइट आपोआप आपला होतोच असं नाही. एका कागदावर त्याचे हक्क लिहून, सही घेऊन ठेवावेत.

तिसरी गोष्ट पुराव्याची. पहिलं बिलबुक, पहिल्या पाटीचा फोटो, छापलेलं कार्ड, दरवर्षीच्या ऑर्डरी जपून ठेवाव्यात. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाला ४,५०० रुपये सरकारी शुल्क पडतं. नोंदणी दहा वर्षं टिकते आणि पुन्हा वाढवता येते. अर्ज केल्यावर नावापुढे ‘टीएम’ लिहायला हरकत नाही. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच लावायचा, आधी लावणं हा गुन्हा आहे.

मूर्तीचं शेवटी विसर्जन होतं. आखणी करणाऱ्याने कितीही जीव ओतला असला तरी दीड दिवसात, पाच दिवसांत नाहीतर अनंत चतुर्दशीला ती पाण्यात जाते. पुढच्या वर्षी गिऱ्हाईक परत येतं ते त्या हाताच्या आठवणीवर. त्या आठवणीला नाव नसेल, तर ते ‘पेणचा गणपती’ मागतं आणि कुणाच्याही स्टॉलवरून घेऊन जातं.